उन्हातलं झाड: समज आणि वस्तुस्थिती

निसर्गचित्र शिकू लागलेल्यांच्या वह्या चाळल्या की काही गोष्टी हटकून दिसतात. ऊन दाखवायला पिवळा रंग, सावलीला काळा, आणि झाड म्हणजे सॅप ग्रीनचा गोळा, त्याखाली तपकिरी दांडा. शाळेपासून हाताला हेच वळण पडलेलं असतं. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर झाडांची अभ्यासचित्रं करायला बसलेल्या माणसाला नवे रंग विकत घेण्याची गरज नसते. आधी या समजुती तपासायला हव्यात.

‘ऊन पिवळ्या रंगाने दाखवायचं असतं’

चित्रातलं ऊन शेजारच्या गडदपणातून उभं राहतं. चांगला पांढरा कागद त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ८० ते ९० टक्के परत पाठवतो, आणि काळ्यातला काळा जलरंगही वाळल्यावर चार-पाच टक्के पाठवतोच. म्हणजे आपल्या हातात उजेड आणि अंधार यांचं अंतर जेमतेम वीसपट. बाहेर तळपत्या ढगाची कड आणि वडाच्या ढोलीतला काळोख यांच्यातलं अंतर याच्या कितीतरी पट असतं. बाहेरचा उजेड आहे तसा कागदावर आणणं कुणालाच शक्य नाही. आणता येतो तो त्याचा क्रम: सगळ्यांत उजळ काय, त्यानंतर काय, सगळ्यांत गडद काय. चित्रकार ज्याला टोन म्हणतात तो हाच. डोळे किलकिले करून पाहिलं की बारकावे विरतात आणि हा क्रम उघडा पडतो.

चित्रकार सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. हाताच्या आडोशाने दिवा धरलेली स्त्री, आणि माध्यम जलरंग. ते निसर्गचित्र नाही, पण उजेड शिकणाऱ्याने ते जरूर पाहावं. बोटांआडून झिरपणारा तो प्रकाश भोवतीच्या शांत, सखोल गडदपणामुळे पेटलेला दिसतो. जलरंगात उजेड म्हणजे शेवटी राखलेला कागद. तो आधी ठरवून राखावा लागतो, मागाहून पांढरा रंग लावून तो तजेला येत नाही.

‘उन्हात उभं असलेलं झाड उजळ असतं’

माझ्या मते नवशिक्यांची सर्वाधिक चित्रं इथे बिघडतात, म्हणून जरा थांबून पाहू. अमेरिकी चित्रकार जॉन कार्लसन यांनी १९२९च्या आपल्या पुस्तकात एक साधी मांडणी केली. निसर्गातला उजेड वरून येतो, म्हणून आकाश सर्वांत उजळ. सपाट जमीन त्या उजेडाला थेट सामोरी असते, म्हणून तिचा दुसरा क्रमांक. डोंगरउतार तिरपे, त्यामुळे ते आणखी थोडे गडद. आणि झाडं उभी, म्हणून सर्वांत गडद. कोकणातल्या सड्यावर एप्रिलमध्ये उभं राहून पाहा. वाळलेल्या गवताची जमीन डोळे दिपवते आणि त्यावरचं आंब्याचं झाड, भर उन्हात असूनही, गडद ठिपक्यासारखं दिसतं. झाडाची उन्हाकडची बाजूसुद्धा बहुतेक वेळा जमिनीइतकी उजळ नसते. ‘झाडावर ऊन आहे’ हे ठाऊक असल्यामुळे आपण तिथे पिवळा ओततो आणि झाड जमिनीत विरघळून जातं.

हा नियम मोडतोही. वळवाच्या आधी पूर्वेला काळे ढग दाटलेले असतात आणि पश्चिमेचं कलतं ऊन झाडावर समोरून पडतं, तेव्हा झाड आकाशापेक्षा उजळ होतं. त्या दृश्याचं सगळं नाट्य क्रम उलटण्यात आहे. मूळ क्रम डोळ्यांत मुरलेला असेल तरच ते पकडता येतं.

‘पानं काढल्याशिवाय झाड ओळखू येत नाही’

निरोगी डोळ्याला साधारण एका कलेपर्यंतचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा तपशील वेगळा दिसतो. १०० मीटर अंतरावर हे सुमारे तीन सेंटीमीटर होतात. चिंचेची पर्णिका अर्ध्या सेंटीमीटर रुंदीची धरली, तर ती १७-१८ मीटरवरच नजरेआड जाते. मग कागदावर टिंबं टिंबं करत ती काढायची कशासाठी? दुरून झाड ओळखू येतं ते त्याच्या बाह्याकारावरून. आंब्याचा भरीव घुमट, गुलमोहराची पसरट छत्री, आरपार आकाश दिसू देणारी बाभळीची विरळ जाळी. आधी हा आकार एका वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या सलग थरात, मग त्यातल्या सावलीचे दोन-तीन मोठे पुंजके, आणि कडेला मोजक्या ठिकाणी पानांचा आभास. एवढ्यावर झाड उभं राहतं.

फांद्यांचं मात्र शास्त्र आहे. फाट्यानंतरच्या फांद्यांची जाडी एकत्र केली तर ती खालच्या खोडाइतकी भरते, असं लिओनार्दो दा विंचीने टिपून ठेवलं आहे. फांदी दोन फाट्यांच्या मधे फारशी निमुळती होत नाही, फाटा फुटला की बारीक होते. गाजरासारखं निमुळतं खोड खोटं वाटतं ते यामुळे. बहुतेक खोडं तपकिरीपेक्षा राखाडी असतात, हेही जवळ जाऊन पाहावं.

‘एकच हिरवा, फक्त फिका आणि गडद’

एकाच फांदीवर दोन अगदी वेगळे हिरवे असतात. पानावरून परावर्तित होणाऱ्या उजेडात आकाशाचा वाटा मोठा, म्हणून आंब्या-फणसाच्या गुळगुळीत पानाची वरची बाजू निळसर राखाडी चमकते. ऊन पानातून आरपार येतं तेव्हा हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि पिवळट, पेटता हिरवा उरतो. पिंपळाकडे सूर्याच्या दिशेने तोंड करून पाहिलं की हे लगेच कळतं. त्याची नवी पालवी तर तांबूसच असते. ट्यूबमधला तयार हिरवा वाईट नाही, पण त्यात कधी बर्न्ट सिएना, कधी अल्ट्रामरीन, कधी लेमन यलो मिसळल्याशिवाय तो झाडावर बसत नाही. सावलीत काळा घालण्याचीही गरज नसते. मोकळ्यावरच्या सावलीला निळं आकाश उजळत असतं, म्हणून ती निळसर दिसते.

कवडसे आणि पानांमधलं आकाश

झाडाखालचे कवडसे पानांमधल्या फटींच्या आकाराचे असतात, असं आपण धरून चालतो आणि वेडेवाकडे तुकडे काढतो. दाट झाडाखाली ते बहुधा गोल किंवा लंबगोल असतात. प्रत्येक बारीक फट सूक्ष्मछिद्र कॅमेऱ्याचं काम करते आणि जमिनीवर सूर्याची प्रतिमा पाडते. सूर्यग्रहणात हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. दहा मीटर उंचीवरच्या फटीतून डोक्यावरच्या सूर्याचा कवडसा सुमारे नऊ सेंटीमीटरचा पडतो, ऊन तिरपं असेल तर तो लांबट होतो. कडा मऊ असते. ती धारदार काढली की कागदाचे कपटे सांडल्यासारखं दिसतं.

वर पाहिलं तर पानांमधून आकाशाचे तुकडे दिसतात. ते मोकळ्या आकाशाच्याच रंगाने भरले तर झाडाला भोकं पाडल्यासारखी वाटतात. फटीत बारीक काड्या, पानांच्या कडा असतात आणि त्या थोडा उजेड खातात. म्हणून हे तुकडे आकाशापेक्षा किंचित गडद ठेवायचे. जितका तुकडा लहान, तितका तो गडद.

‘दुपारी चित्र होत नाही’

सकाळ-संध्याकाळच्या लांब सावल्या सोयीच्या असतात, हे खरं. पण दुपारच्या झाडाचं रूप वेगळं आणि शिकण्यासारखं असतं. मेच्या मध्याला पुण्या-मुंबईत शून्य सावलीच्या दिवसांच्या आसपास सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा फक्त घुमटाचा माथा उजळ असतो, पोटाकडचा सगळा भाग गडद, आणि सावली झाडाच्या बुंध्याभोवती साचलेली. झाडाला वरची आणि खालची बाजू असते, ते गोल, घन असतं, हे या तासाइतकं स्पष्ट कधी दिसत नाही.

‘लहान चित्र म्हणजे मोठ्याची तयारी’

लहान चित्राचं स्वतःचं काम असतं: सरकता उजेड पकडणं. फ्रेंच चित्रकार पियेर-आंरी द व्हालांसिएन याने १८००च्या आपल्या ग्रंथात सांगितलं होतं की उघड्यावरचा अभ्यास दोन तासांपेक्षा लांबवू नये, आणि सूर्योदय-सूर्यास्ताला अर्ध्या तासात आटपावं, कारण उजेड थांबत नाही. त्याने रोममधल्या एकाच इमारतीचं छप्पर एकदा उन्हात आणि एकदा सावलीत रंगवलं. ती दोन्ही चित्रं आज लूव्हरमध्ये आहेत. इंग्लंडमध्ये जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ साली हॅम्पस्टेडला आकाशाचे अभ्यास केले आणि कित्येकांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहिली.

कागद लहान ठेवण्याचं कारण इथे आहे. मोठा कागद भरेपर्यंत सावली सरकते, आणि एकाच चित्रात दहाची आणि बाराची अशी दोन उन्हं शिरतात. तळहाताएवढ्या चौकटीत एकच प्रश्न घ्यावा: आज फक्त झाडाचा आणि जमिनीचा टोन, उद्या फक्त कवडशांच्या कडा. दारातलंच एक झाड निवडून सकाळी आठला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला रंगवावं, आणि प्रत्येकामागे वेळ लिहावी.