चकत्यांमधून उभी राहणारी कवटी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वी माझा भाचा मोटारसायकलवरून पडला. चेहऱ्याला बराच मार होता, म्हणून सी.टी. स्कॅन झाला. डॉक्टरांच्या संगणकावर त्याची कवटी दिसू लागली. हस्तिदंती रंगाची, गुळगुळीत, माऊसने हवी तशी फिरवता येणारी. डाव्या डोळ्याच्या खोबणीच्या तळाशी मात्र वाटाण्याएवढे भोक होते. ते पाहून माझी बहीण मटकन खाली बसली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ताई, हे भोक हाडात नाही, चित्रात आहे." मग त्यांनी मूळ काळ्या-पांढऱ्या चकत्या एकामागून एक सरकवून दाखवल्या. तिथे हाडाची फिकट पण अखंड रेघ होती.

हाडात नसलेले भोक चित्रात येते कसे, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यात राहिला.

सी.टी. यंत्र कवटीचा फोटो काढत नाही. १९७१ साली लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा मेंदू तपासला गेला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. क्ष-किरण निरनिराळ्या कोनांतून पाठवायचे, ते शरीरात किती अडले ते मोजायचे आणि गणिताने शरीराच्या आडव्या चकत्या तयार करायच्या. काकडीच्या असतात तशा. प्रत्येक चकतीत साधारणपणे ५१२ गुणिले ५१२ चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. पाण्याचा आकडा शून्य, हवेचा उणे १०००, चरबीचा उणे १०० च्या आसपास, हाडाचा काहीशेपासून हजाराच्याही वर. म्हणजे यंत्राच्या पोटातून निघतो तो आकड्यांचा ढीग. कवटी त्यात कुठेच नसते. ती आपण उभी करायची असते.

सोपा उपाय असा की, २०० च्या वरचे सगळे ठोकळे हाडाचे मानायचे आणि रचायचे. पण मग कवटी विटांच्या ढिगासारखी दिसते. चकत्या जाड असतील तर घाटावरच्या पायऱ्याच.

यावरची नामी युक्ती १९८७ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या विल्यम लॉरेन्सन आणि हार्वे क्लाइन यांनी प्रसिद्ध केली. 'मार्चिंग क्यूब्ज' हे तिचे नाव. दोन लगतच्या चकत्यांतले चार-चार आकडे घेतले की एका घनाचे आठ कोपरे होतात. प्रत्येक कोपरा हाडात आहे किंवा बाहेर आहे. आठ कोपऱ्यांच्या अशा शक्यता २५६. पण घन फिरवून, उलटवून पाहिला तर त्यातल्या बहुतेक एकसारख्याच निघतात आणि खरे नमुने उरतात अवघे १५. प्रत्येक नमुन्यात त्रिकोण कसे बसवायचे, हे कोष्टकात आधीच लिहून ठेवायचे. संगणक एकेक घन ओलांडत जातो, कोष्टक बघतो, त्रिकोण ठेवतो.

खरी गंमत पुढे आहे. एका कोपऱ्यावर आकडा १००, शेजारच्यावर ५००, आणि आपली सीमा २००. मग पृष्ठभाग त्या कडेच्या बरोबर मधून न जाता पाव अंतरावरून जातो. डोंगराच्या नकाशावर दोन ठिकाणच्या उंचीवरून मधली समोच्च रेषा ओढतात, तसाच हा हिशेब. एवढ्यानेच विटांचे कोपरे पुष्कळसे मोडतात. (या युक्तीचे पेटंट होते. त्याची मुदत २००५ साली संपली. तोपर्यंत कित्येक प्रोग्रॅमरांनी घनाऐवजी चतुष्फलक वापरून वळसा घातला. कायदा आडवा आला की भूमितीलाही पळवाट सापडते!)

तरीही थोड्या पायऱ्या आणि खडबडीतपणा राहतोच. तो घालवायला प्रत्येक बिंदू त्याच्या शेजाऱ्यांच्या सरासरीकडे थोडा सरकवतात. शाडूच्या मूर्तीवरून ओला हात फिरवावा तसे. पण ओला हात जास्त फिरला तर बाप्पाच्या नाकाची धार जाते, बोटे झिजतात. इथेही तसेच होते. फुगीर भागावरच्या बिंदूच्या शेजाऱ्यांची सरासरी नेहमी आतल्या बाजूला पडते, म्हणून दर फेरीला आकृती आक्रसते. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला तीन-चार मिलिमीटरचा फुगा अशा हाताखाली आणखी लहान दिसू लागतो. हाडाची केसाएवढी भेग तर बुजूनही जाते.

१९९५ साली गॅब्रिएल टॉबिन यांनी यावर तोड काढली. एक पाऊल आत टाकल्यावर लगेच किंचित मोठे पाऊल बाहेर टाकायचे. बारीक खडबड दबते, मूळ आकार मात्र जवळपास तसाच राहतो. इतकी साधी गोष्ट, पण आक्रसणे त्यातून चांगलेच आटोक्यात आले.

मग भाच्याच्या डोळ्याखालचे भोक? तिथले हाड काही ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. वर चरबी, खाली सायनसची हवा. एका ठोकळ्यात हाड थोडे आणि बाकी चरबी-हवा आली की सरासरी आकडा २०० च्या खाली घसरतो. चकतीत तो करडा ठिपका म्हणून निदान दिसतो तरी. पृष्ठभाग बनवताना मात्र 'आहे' किंवा 'नाही' एवढीच दोन उत्तरे. ठिपका 'नाही'त गेला आणि भोक पडले. सीमा खाली आणावी तर शिरेतून दिलेल्या औषधाने उजळलेल्या रक्तवाहिन्याही हाड म्हणून चिकटतात. दोन्हीकडे बरोबर बसेल असा एकच आकडा नसतो.

आणि गुळगुळीत करणाऱ्याने या भोकाच्या कडाही छान गोल करून ठेवल्या होत्या, त्यामुळे ते अधिकच खरे वाटत होते. मला त्या चित्रातली सर्वात फसवी गोष्ट हीच वाटली. ओबडधोबड चित्रावर आपण संशय तरी घेतो.

म्हणून क्ष-किरणतज्ज्ञ निदानासाठी चकत्याच वाचतात. रंगीत कवटीचा उपयोग मोडलेले तुकडे कुठे सरकलेत हे एका नजरेत कळावे म्हणून, किंवा टायटॅनियमची पट्टी आधीच वाकवून ठेवायला प्लॅस्टिकचा नमुना छापावा म्हणून. अशा नमुन्याआधी त्याच्या पृष्ठभागाची रेषा मूळ चकत्यांवर ठेवून पाहतात. ती हाडाच्या कडेवरून सरकलेली दिसली, तर गुळगुळीतपणा कमी करून पुन्हा पहिल्यापासून.

भाच्याच्या गालाच्या हाडावर पट्टी बसवावी लागली. डोळ्याखाली कोणी हात लावला नाही.