गुळवेलीने उंदरांची साखर उतरली. म्हणून आपली गोळी बंद करायची का?

शहापूर : तानसा परिसरात गुळवेल कुणाला नवी नाही. ताप आला की काढ्यासाठी ती तोडून आणतात. शहापुरातील कातकरी तरुण वन धन केंद्रामार्फत गुळवेल आयुर्वेदिक कंपन्यांना पुरवू लागले, तसा तिला भावही आला. मात्र "गुळवेलीने शुगर जाते, प्रयोगशाळेत सिद्ध" असं ऐकून कुणी गोळ्याच सोडल्या तर ते जिवावर बेतू शकतं. प्रयोगशाळेत नेमकं काय होतं, ते पाहू.

प्रयोग कसा होतो?

पांढऱ्या उंदरांना अलॉक्सन किंवा स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन टोचतात. त्याने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मरतात आणि साखर वाढते. मग उंदरांचे गट पाडतात. एका गटाला वनस्पतीचा अर्क, दुसऱ्याला नेहमीचं औषध, तिसऱ्याला काहीच नाही. काही आठवडे रक्त तपासून तुलना करतात. असे प्रयोग मनाला येईल तसे करता येत नाहीत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली समितीची परवानगी लागते.

तमिळनाडूतील अण्णामलै विद्यापीठाच्या संशोधकांनी गुळवेलीवर असाच प्रयोग केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. उंदरांची साखर खरंच कमी झाली. पण अर्क मुळांचा होता. आपल्याकडे काढा करतात तो खोडाचा.

मग माणसाला का लागू नाही?

उंदराचा मधुमेह रसायनाने घडवलेला असतो. आपल्याकडच्या बहुतेकांना होणारा टाईप २ मधुमेह वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. उंदराचं वजन पाव किलोच्या आसपास, माणसाचं ५०-६० किलो. शिवाय दोघांचं शरीर औषध वेगळ्या वेगाने पचवतं. त्यामुळे डोस नुसता गुणाकार करून ठरत नाही. अर्क मोजून देतात, घरच्या काढ्याचा जोर मात्र रोज बदलतो.

तरी असे प्रयोग वाया जात नाहीत. आज सरकारी दवाखान्यात मिळणारी मेटफॉर्मिन ही गोळी मुळात गॅलेगा या युरोपातल्या वनस्पतीच्या अभ्यासातून पुढे आली. त्यातल्यासारखं ग्वानिडीन हे द्रव्य जनावरांची साखर उतरवतं, हे १९१८ मध्ये दिसलं. पण ते द्रव्य विषारी होतं. त्याच्या जवळचं, सुरक्षित मेटफॉर्मिन माणसांच्या मधुमेहावर आलं ते १९५७ मध्ये. मधे जवळपास ४० वर्षं गेली.

यकृताचा प्रश्न

२०२० च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी केली. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नक्की गुळवेलच होती का, हे तपासलं नाही, असं मंत्रालयाने म्हटलं. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली आहेत, हेही खरं.

काय करावं?

- गोळी किंवा इन्सुलिन मनाने बंद करू नका.
- काढा घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका. गोळी आणि काढा मिळून साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर आली तर लगेच साखर खा आणि दवाखाना गाठा.
- डोळे किंवा लघवी पिवळी दिसली तर काढा थांबवा आणि तपासून घ्या.
- वय ३० च्या पुढे असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर मोफत तपासून घ्या.

गुळवेल विकून घर चालत असेल तर चालू द्या. औषध म्हणून ती किती कामाची, हे माणसांवरच्या नीट चाचण्यांतूनच ठरेल. तोवर गोळी चुकवू नका.