फॉस्फरसला माती चारणारी माती

पाण्याचं आरोग्य : लेखांक ७

तळं हिरवं कशानं होतं, याचा निकाल कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात लागला. डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली २२६ क्रमांकाचं तळं मधोमध पडदा लावून विभागलं. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन सोडला, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरसही. शेवाळ माजलं ते फॉस्फरसच्या बाजूला.

मग सांडपाणी अडवलं की काम झालं? नाही. वर्षानुवर्षं साचलेला फॉस्फरस तळाच्या गाळात लोहाला चिकटून बसलेला असतो. उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू संपला की लोहाचं रूप पालटतं, त्याची पकड सुटते आणि फॉस्फेट पुन्हा पाण्यात येतं. बाहेरून थेंबभर मैला न येताही तळं हिरवं होतं.

इथे चिकणमाती कामाला येते. बेंटोनाइट या मातीतलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. आपल्या काळ्या जमिनीतही याच जातीची खनिजं असतात. म्हणून ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. या खनिजाच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवर ऋण भार असतो. त्यामुळे अमोनियमसारखे धन भाराचे कण ते धरून ठेवतात. फॉस्फेट मात्र स्वतःच ऋण भाराचं, ते या पापुद्र्यांपासून दूरच राहतं.

ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेनं १९९० च्या दशकात यावर तोड काढली. पापुद्र्यांमधल्या सोडियम-कॅल्शियमच्या जागी त्यांनी लँथॅनम हा धातू बसवला. तयार मातीत तो वजनाच्या सुमारे ५ टक्के असतो. लँथॅनम आणि फॉस्फेट एकत्र आले की पाण्यात जवळजवळ न विरघळणारं खनिज तयार होतं. ही माती पाण्यात कालवून होडीतून तळ्यावर फवारतात. खाली बसता बसता ती पाण्यातलं फॉस्फेट टिपते आणि तळाशी पातळ थर होऊन गाळातून वर येणारंही अडवते. प्राणवायू संपला तरी लँथॅनम लोहासारखं रूप पालटत नाही, म्हणून पकड सुटत नाही.

पण हिशेब महागडा आहे. १ किलो फॉस्फरस बांधायला साधारण १०० किलो माती लागते. पाण्यात क्षार फार कमी असतील तर सुटा लँथॅनम जलपिसवांसारख्या बारीक जिवांना घातक ठरू शकतो. कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचे अर्क जास्त असतील तर माती मंदावते. आणि नाले वाहतेच राहिले, तर नवा गाळ त्या थरावर बसतो आणि सगळा खर्च गाळाखाली जातो. म्हणून आधी नाले वळवायचे, मग माती टाकायची. हा क्रम उलटा करून चालत नाही.

नायट्रेट मात्र या मातीलाही दाद देत नाही. त्याचा बंदोबस्त जिवाणू कसा करतात, ते पुढच्या आठवड्यात.