मोडीतली भांडी घेताय? आधी हे बघा

जुनं घर आवरलं किंवा वाडा उतरवला की आपल्या धाराशिवकडं पितळी घागरी, तांब्याचे हंडे, काशाची ताटं भांड्यांच्या दुकानात मोडीत जातात. भट्टीत जाण्याआधीच ती गाठायची! मोडीचा भाव वजनावर असतो, घडणावळ धरत नाहीत. दुकानदारानं वर थोडं चढवलं तरी जाडजूड भांडं नव्यापेक्षा स्वस्तात पडतं.

खिशात लोहचुंबक ठेवाच. चिकटलं तर आत लोखंड आहे. काशाला टिचकी मारली की नाद लांबतो, तडा असेल तर बद्द वाजतं. घागर पाण्यानं भरून बुडाला, सांध्याला हात लावून बघा. स्वयंपाकाला पितळ घ्यायचं तर कल्हईचा खर्च धरूनच भाव करा. आणि काठावर कोरलेलं नाव-साल घासून काढू नका, माझ्या लेखी खरी किंमत त्याचीच.

मात्र आपल्याच जिल्ह्यातल्या प्राचीन तेर गावची जुनी नाणी, मणी, मातीच्या मूर्ती कुणी विकायला आणल्या तर घेऊ नका. 1972 च्या कायद्यानं शंभर वर्षांवरच्या पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. त्या बघायला तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं शासकीय वस्तुसंग्रहालय आहे, तिथं जरूर जा.