बुजरा नायक (मराठी प्रेमकथा)

बुजरा नायक ही मराठी कादंबरी, नाटक व चित्रपट यांतील प्रेमकथेत आढळणारी एक व्यक्तिरेखा होय. ही व्यक्ती पुरुष असो वा स्त्री, तिचे मन कोणावर तरी जडते, परंतु ते बोलून दाखविण्याचे धैर्य तिच्यापाशी नसते. अशा कथेतील मुख्य अडसर घरचा विरोध किंवा प्रतिस्पर्धी हा नसून स्वतःविषयीचा कमीपणा हा असतो. मराठीत या स्वभावाच्या निरनिराळ्या छटांना स्वतंत्र शब्द आहेत. लोकांच्या नजरेने अवघडतो तो लाजाळू, दुसऱ्याचे मन मोडवत नाही तो भिडस्त, आणि मनात असूनही ज्याची जीभ रेटत नाही तो मुखदुर्बळ. प्रेमकथेतील बुजरा नायक बहुधा या तिसऱ्या प्रकारातला असतो.

पार्श्वभूमी

ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांतील नायक सुशिक्षित, देखणा आणि संभाषणचतुर असे. प्रेम व्यक्त करणे ही त्याची अडचण नव्हती. अबोलपणा आलाच तर तो नायिकेच्या वाट्याला येई आणि विनय म्हणून त्याचे कौतुक होई. या समजुतीला विभावरी शिरूरकर यांच्या 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) या कथासंग्रहाने धक्का दिला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, पण अविवाहित स्त्रियांची मनातली ओढ त्यात उघडपणे आली. पुस्तकावर मोठा गदारोळ झाला. 'विभावरी शिरूरकर' हे बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांचे टोपणनाव होते. स्त्रीचे मौन हा तिचा स्वभाव नसून तिच्यावरचे बंधन आहे, हे लिहिणाऱ्या लेखिकेलाही आपले नाव झाकूनच लिहावे लागले.

पु. ल. देशपांडे यांचे 'सुंदर मी होणार' (१९५८) हे नाटक रुडॉल्फ बेसिए यांच्या 'द बॅरेट्स ऑफ विम्पोल स्ट्रीट' या इंग्रजी नाटकावर आधारित आहे. मूळ नाटकात कवयित्री एलिझाबेथ बॅरेट आणि कवी रॉबर्ट ब्राउनिंग यांची प्रेमकथा आहे. मराठी रूपांतरातील दीदीराजे ही पायांनी अधू, पित्याच्या धाकाखाली वाढलेली संस्थानिक कन्या आहे. प्रेमाच्या आधाराने ती मनाने आणि शरीरानेही उभी राहते. नाटक अतिशय लोकप्रिय झाले. त्यावरून 'आज और कल' (१९६३) हा हिंदी चित्रपटही निघाला. मात्र येथे आत्मविश्वास आणि व्याधीमुक्ती एकत्रच येतात. पाय अधू राहूनही ती स्वतःला सुंदर मानू शकली असती का, हा प्रश्न नाटक विचारीत नाही.

'शाळा'

या परंपरेतील सर्वांत समर्थ कादंबरी म्हणून मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' (२००४) या कादंबरीचा निर्देश करता येतो. आणीबाणीच्या काळात नववीत शिकणारा मुकुंद जोशी तिचा निवेदक आहे. त्याचे मन वर्गातील शिरोडकर या मुलीवर जडले आहे. तो तिचा उल्लेख सतत आडनावानेच करतो. मुलामुलींनी एकमेकांशी न बोलण्याचा अलिखित नियम ज्या वर्गात पाळला जातो, तेथे पहिले नाव उच्चारणे हीच जवळीक ठरते. म्हणूनच मनातल्या मनात बोलतानाही तो आडनाव सोडीत नाही. मित्रांच्या टोळक्यात वाचाळ असणारा हाच मुलगा तिच्यासमोर गप्प होतो.

मित्र सुऱ्या धीटपणे केवडा या मुलीला विचारून टाकतो, तेव्हा प्रकरण शिक्षेपर्यंत जाते. म्हणजे मुकुंदाचे भय केवळ कल्पनेतले नाही. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते. मुकुंदाच्या हाती तिच्याशी झालेल्या मोजक्या भेटी आणि समोर दहावीचे वर्ष उरते. सुजय डहाके यांनी केलेल्या 'शाळा' या चित्रपटाला ५९व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला.

विनोदी आणि गंभीर रूपे

याच व्यक्तिरेखेचे विनोदी रूप बासू चटर्जी यांच्या 'छोटी सी बात' या हिंदी चित्रपटात दिसते. मराठी रंगभूमीवरून आलेल्या अमोल पालेकर यांनी त्यात मुंबईचा भिडस्त कारकून अरुण रंगविला. खंडाळ्याला जाऊन एका कर्नलकडून तो धिटाईचे धडे घेतो. संकोच हा शिकवणीने जाणारा दोष आहे, असे हा चित्रपट मानतो.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) या चित्रपटाने ही समजूतच उलटी केली. कैकाडी समाजातील जब्याला वर्गातली शालू आवडते, पण तो तिच्याशी बोलू शकत नाही. तिचे मन वळावे म्हणून तो काळ्या चिमणीच्या शोधात रानोमाळ हिंडतो. डुकरे पकडायला गेलेल्या कुटुंबाला गावकरी हसत असताना तो शालूच्या नजरेपासून लपू पाहतो. त्याच्या मुखदुर्बळतेचे मूळ जातीत आहे. त्यावर कोणत्याही कर्नलची शिकवणी चालणार नाही. अखेरीस जब्या लपणे सोडून दगड उचलतो.

सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) या कादंबरीत तनय आणि अनुजा ही भावंडे घरी राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. तो निघून गेल्यावर अनुजाचे दुःख घराला दिसते आणि तिच्यावर उपचार होतात. तनयचे दुःख मात्र कोणाला ठाऊकच नसते. कादंबरीचा पहिला भाग तनयचे स्वगत, तर दुसरा अनुजाची रोजनिशी आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली ती २०१८ मध्ये, म्हणजे कादंबरीनंतर बारा वर्षांनी. जेरी पिंटो यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला असून २०२२ मध्ये तिच्यावर आधारित चित्रपट प्रदर्शित झाला.