एकोणीस इंची चाकाचा शोध

मोटारीला टायर घेणे हे वाण्याकडून साखर आणण्याइतके सोपे काम आहे, अशी आमची आजवर समजूत होती. गाडी टायरवाल्याच्या दारात उभी करावी, त्याने चाकाकडे एक दृष्टी टाकून दोन-तीन भाव सांगावे आणि आपण त्यांतला मधला पत्करावा, एवढाच तो व्यवहार. गेल्या वर्षी अकोल्यास आमच्या एका स्नेह्यांच्या घरी ही समजूत पार लयास गेली.

या घरातील कर्ते वकील होते. त्यांनी स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी मुंबईहून एक वापरलेली एम.जी. टी.सी. जातीची मोटार विकत आणली होती. एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डजवळील अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात 1945 ते 1949 या काळात अशा सुमारे दहा हजार गाड्या तयार झाल्या. दोन माणसांची बैठक, वर कापडी छत, 1250 घनसेंटिमीटरचे इंजिन आणि तारांच्या आऱ्यांची उंच, सडपातळ चाके. आपल्या वऱ्हाडात तिला उपमा द्यावयाची तर शंकरपटात धावणाऱ्या हलक्या छकड्याचीच द्यावी लागेल. ओझे वाहण्यासाठी ती जन्मलीच नाही, धावण्यासाठी जन्मली.

वकीलसाहेब निवर्तल्यावर गाडी पत्र्याच्या पडवीत पडून राहिली. नातू पुण्यास यंत्रविद्या शिकला. त्याने दोन दिवाळ्यांच्या सुट्या खर्ची घालून इंजिन चालू केले, ब्रेक नवे केले. तेव्हा ऐंशी उलटलेल्या आजीबाईंनी एकच इच्छा बोलून दाखविली. याच गाडीत बसून त्या पूर्वी पतीसमवेत अमरावतीस अंबादेवीच्या दर्शनास जात असत. तशा एकदा जाऊन ओटी भरावी. मागणे लहानसे, परंतु अकोला ते अमरावती हे अंतर सुमारे शंभर किलोमीटरांचे आहे, आणि गाडीचे टायर कित्येक वर्षांचे होते.

टायर दिसावयास चांगले होते, हीच त्यांतली मेख. नक्षी खोल, झीज फारशी नाही. पण बोटाने कूस दाबली की केसासारख्या भेगा उघडत. रबर केवळ चालण्याने झिजते असे नाही. ऊन, हवा आणि वय यांनी ते आतून कडक होते. अकोल्याच्या वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो आणि पत्र्याखालची उष्णता तर विचारूच नये. सन 2000 पासूनच्या टायरांवर निर्मितीचा काळ चार आकड्यांत कोरलेला असतो. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2318 म्हणजे 2018 सालातील तेविसावा आठवडा. या टायरांवर असे आकडे नव्हते, यावरूनच त्यांचे वय समजावे.

टायराच्या कुशीवर 4.50-19 असे माप होते. यातील पहिला आकडा टायराच्या रुंदीचा आणि दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. जुन्या मापांत कुशीची उंची वेगळी लिहीत नसत. ती स्थूलमानाने रुंदीइतकीच धरावयाची. म्हणजे एकोणीस इंच रिम, वर साडेचार व खाली साडेचार, मिळून चाकाची उंची सुमारे अठ्ठावीस इंच झाली. रिमची स्वतःची रुंदी अवघी अडीच इंच.

अकोल्यातील टायरवाल्याने माप ऐकले आणि आतून लगेच एक धिप्पाड टायर आणला. माप 6.00-19. "एकोनीसचाच हाय, साहेब. बंडीले बसते, मंग तुमच्या गाडीले काहून नाही बसनार?" असा त्याचा रोकडा सवाल. त्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. लाकडी चाकावर तापवलेली लोखंडी धाव चढविण्याची रीत मागे पडून बैलगाडीला रबरी चाके आली, आणि त्यांना एकोणीस इंची रिम सर्रास असते. कापसाच्या बाजारपेठेच्या या गावी एकोणीसचा टायर मिळावयाचा तो बंडीचाच.

नातवाने टायर विकत घेण्याऐवजी त्याचे माप घेतले. सहा इंची टायराचे चाक एकतीस इंच उंच होते. त्याने जाड पुठ्ठ्याची एकतीस इंच व्यासाची, सहा इंच रुंदीची एक खोटी धाव केली आणि ती चाकाच्या जागी धरून पाहिली. सुकाणू पुरते वळविताच पुढच्या मडगार्डापाशी ती अडकू लागली. हा पुठ्ठ्याचा प्रयोग आम्हांस फार आवडला. टायराच्या किमतीपुढे पुठ्ठ्याची किंमत ती काय!

परंतु चाक जागेत मावले असते तरीही तो टायर निरुपयोगीच होता. अडीच इंची रिमवर सहा इंची टायर बसविला, तर त्याच्या कडा आत आवळल्या जातात, पोट फुगते आणि वळणावर तो डुलू लागतो. शिवाय कुशीवर 'ए.डी.व्ही.' अशी अक्षरे होती, अर्थात जनावरांनी ओढावयाच्या वाहनासाठी. बैलाच्या चालीने जाणारा टायर तापत नाही. त्याला बोजा पेलावा लागतो, वेग नव्हे. मोटारीच्या चाकाचा जमिनीवर टेकलेला भाग प्रत्येक फेऱ्यात दबतो व उसळतो, त्यातून उष्णता निर्माण होते. वेग जितका अधिक, तितकी ती साठत जाते. वर वऱ्हाडचे ऊन आणि खाली डांबर. असा टायर मूर्तिजापूर गाठण्यापूर्वीच फुटला असता तर नवल नव्हते. आणि त्या गाडीत आजीबाई बसावयाच्या होत्या.

दुसरी सूचना आली ती बुलेट मोटारसायकलच्या 3.25-19 या टायराची. येथेही एकोणीसचा आकडा जुळतो. पण दुचाकी वळताना कलते, म्हणून तिच्या टायराची पाठ गोलसर ठेवलेली असते. मोटार कलत नाही. तिला सपाट पाठ लागते. शिवाय आठशे किलोंच्या आसपास वजनाच्या गाडीचा भार वळणावर एका बाजूच्या चाकांवर येतो, त्यासाठी हा टायर केलेलाच नाही. या सूचनेवर अधिक वेळ घालविण्याचे कारण नाही.

तिसरा पक्ष मात्र मोहात पाडणारा होता. अमरावतीच्या तरुण मित्रमंडळींचे म्हणणे असे, की जुनी चाके काढून पंधरा इंची नवी चाके बसवावी आणि त्यांवर 195/55 आर 15 हे सहज मिळणारे टायर चढवावे. येथे पहिला आकडा मिलिमीटरांतील रुंदीचा. दुसरा, कुशीची उंची त्या रुंदीच्या शेकडा किती ते सांगतो. 195चे शेकडा 55 म्हणजे सुमारे 107 मिलिमीटर. दुप्पट केली की 214, त्यात पंधरा इंच म्हणजे 381 मिळविले की चाक 595 मिलिमीटर, सुमारे साडेतेवीस इंच. मूळचे अठ्ठावीस! गाडी सव्वादोन इंचांनी जमिनीकडे बसली असती. वेगाचा काटा पन्नास मैल दाखवील तेव्हा गाडी बेचाळीसनेच धावेल, आणि तोच वेग राखण्यास इंजिनाला एक पंचमांशाहून थोडे कमी इतके अधिक गरगरावे लागेल. पाऊणशे वर्षांच्या इंजिनाला ही शिक्षा कशासाठी? रुंद टायर रस्त्याला घट्ट धरतो हे खरे. पण तो सारा ताण जुन्या आसावर व सुकाणूच्या सांध्यांवर पडतो, याचा विचार त्या मंडळींनी केला नव्हता.

पंधरा इंची चाक वाईट, असे मात्र कोणी समजू नये. याच कारखान्याच्या पुढच्या टी.डी. गाडीला मुळातच 5.50-15 मापाचे टायर होते. तिला आजचा 165/80 आर 15 हा रेडियल टायर घातला तर हिशेब 645 मिलिमीटर येतो, मूळच्या सव्वीस इंचांच्या दोन-तीन टक्के उणा. एवढा फरक गाडी सोसते. अ‍ॅम्बॅसडरचे 5.90-15 किंवा पद्मिनीचे 5.20-14 यांनाही पर्याय शोधावयाचा असेल तर प्रथम उंची, मग रिमची रुंदी, मग भार हाच क्रम धरावा. क्रॉसप्लाय आणि रेडियल यांची एकाच आसावर जोडी कधीच लावू नये. चारही चाके एका जातीची असावी हे उत्तम. निरुपायच झाला तर रेडियल मागे, पुढे कदापि नव्हे.

अखेरीस 4.50-19 हेच टायर मागविण्याचे ठरले. जुन्या गाड्यांसाठी असे टायर आजही विलायतेत नव्याने ओतले जातात. त्यांचे साचे जुने असले तरी रबर नवे असते. पार्सल येण्यास विलंब लागला, जकात भरावी लागली, आणि "एवढ्या पैशांत नवी दुचाकी आली असती" हे सूनबाईंचे वाक्य आम्हीं स्वतः ऐकले. नातवाने प्रथम प्रत्येकावरील आठवड्याचे आकडे वाचले. तारांच्या चाकात आऱ्यांची टोके रिममधून आत येतात, म्हणून ट्यूब लागतेच आणि तिच्याखाली रबरी पट्टाही लागतो. दोन्ही नवी घेतली.

चाके चढविण्याच्या दिवशी आम्ही हजर होतो. या चाकांना चार-पाच बोल्ट नसतात. मधोमध कानांचा एकच मोठा नट असून तो हातोड्याने ठोकून आवळतात. नातू उजव्या बाजूचा नट हाती घेऊन विचारात पडला, तोच ओसरीवरून आजीबाई म्हणाल्या, "अरे, तुझे आजोबा खडूने बाण काढीत. चाक पुढे फिरते त्याच्या उलट आवळायचा, असे म्हणायचे. तू डावीकडचा इकडे लावू नकोस हो." पुस्तक उघडून पाहिले तो त्यांचेच बरोबर. उजव्या व डाव्या नटांचे आटे परस्परविरुद्ध असतात, जेणेकरून गाडी चालताना नट सैल न होता घट्टच राहावा. अदलाबदल झाली तर चाक निघून जाण्याचा संभव.

मार्गशीर्षातील एका गुरुवारी पहाटे, थंडीत, प्रवास झाला. अकोला-अमरावती हा पूर्वी हाडे खिळखिळी करणारा रस्ता. जून 2022 मध्ये याच रस्त्यावर 75 किलोमीटरची एक मार्गिका 105 तास 33 मिनिटांत डांबरी करून गिनीज बुकात विक्रम नोंदविला गेला. अशा रस्त्यावर पाय आपोआप जड होतो. नातवाने मात्र काटा चाळिसावर ठेवला. मूर्तिजापूरला त्याने उतरून चारही टायरांना हात लावून पाहिला. कोमट होते, तापलेले नव्हते. आम्ही मागून दुसऱ्या गाडीत होतो. बडनेऱ्याच्या अलीकडे एका बंडीवाल्याने बैल थांबवून त्या उंच चाकांकडे निरखून पाहिले आणि मग आपल्या चाकांकडे.

ओटी भरून परत येईपर्यंत संध्याकाळ झाली. आता पाचवा टायर, मागच्या सुट्या चाकावरचा, जुनाच राहिला आहे. तोही मागवावा की काय, यावर त्या घरी अद्याप खल चालू आहे.