पडद्याजवळ जाताना लहान होणारा माणूस

सुमारे ३२ फूट लांब आणि जेमतेम २० इंच रुंद असा एक बोळ डोळ्यांसमोर आणा. टोकाला एकावर एक ठेवलेले दोन टीव्ही संच. प्रवेशापाशी, बऱ्याच उंचीवर, पहाऱ्यासाठी वापरतात तसा कॅमेरा. तो टिपतो ते दृश्य वरच्या संचावर त्याच क्षणी दिसते. खालच्या संचावर मात्र रिकाम्या बोळाची आधीच चित्रित केलेली फीत चालू असते. ब्रूस नाउमन या अमेरिकन कलावंताची १९७० सालची ही कलाकृती. प्रेक्षक आत शिरल्याशिवाय ती पुरी होत नाही.

आत शिरलेल्याला वरच्या पडद्यावर स्वतःची पाठ दिसते. नीट पाहावे म्हणून तो पुढे जातो, तो प्रतिमा लहान होऊ लागते! पडदा जवळ येतो तसा मागचा कॅमेरा दूर पडतो, आणि प्रतिमेची उंची कॅमेऱ्यापासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते.

वरच्या वर्गांसाठी थोडे गणित. बोळ १० मीटरचा धरू आणि कॅमेऱ्याची उंची सोडून देऊ. कॅमेऱ्यापासून ५ मीटरवर असताना प्रतिमा १५ सेंमी असेल, तर ९ मीटरवर ती सुमारे ८ सेंमी होईल. पण आता पडदा ५ मीटरऐवजी १ मीटरवर आला आहे. म्हणजे प्रतिमेचा डोळ्याशी होणारा कोन उलट पावणेतीन पट वाढला! तरीही आपण आक्रसल्यासारखे का वाटते? मेंदू नुसता कोन मोजत नाही, तो शेजारच्या वस्तूंशी तुलना करतो. पडद्याची चौकट होती तेवढीच आहे हे त्याला ठाऊक असते, आणि तिच्या मानाने माणूस खुजा होत जातो.

खालच्या पडद्यावर तर तो नसतोच. मला ही बाजू अधिक मोलाची वाटते. दोन्ही चित्रे त्याच जागेची आणि सारखीच खरी दिसणारी. बोळ रिकामा असेल तर आत्ताचे कोणते आणि मागचे कोणते, हे नुसत्या चित्रावरून सांगता येणार नाही. आत जाऊन हात वर करून पाहावे लागेल. दूरच्या खोलीत बसून पडद्यावर नजर ठेवणाऱ्या पहारेकऱ्याला ती सोय नसते.

वर्गात हे दोन मोबाइल फोनवर करून पाहता येते. व्हिडिओ कॉल लावून एक फोन मागे टेबलावर आणि दुसरा समोरच्या भिंतीशी ठेवावा. मुलाच्या पाठीवर पुठ्ठ्याचा चौकोन लावून त्याला भिंतीकडे चालायला सांगावे. दर मीटरला समोरच्या पडद्यावरील चौकोनाची रुंदी पट्टीने मोजावी. रुंदी आणि मागच्या फोनपासूनचे अंतर यांचा गुणाकार दर वेळी जवळपास सारखाच भरेल.